प्रोग्रॅम बंद होताना : थ्रेड, लॉक आणि अर्धवट राहिलेलं काम

रेल्वेचं ऑनलाइन आरक्षण रोज रात्री पावणेबाराच्या सुमारास बंद होतं आणि बारा वाजून वीस मिनिटांनी पुन्हा सुरू होतं. गणपतीला कोकणात किंवा दिवाळीला गावी जाण्यासाठी रात्री जागून तिकीट काढणाऱ्यांना ही वेळ पाठ असते. आरक्षणाच्या कुठल्याही व्यवस्थेत एक जागा दोघांना विकली जाऊ नये, म्हणून ती काही क्षण एकाच्या नावे अडवून ठेवावी लागते. ती अशी अडवलेली असतानाच बंद व्हायची वेळ आली तर काय करायचं? पैसे भरणाऱ्याची वाट पाहायची की त्याला मध्येच तोडायचं? तोडलं तर ती जागा मोकळी झाली हे कुणी नोंदवायचं? हे पुस्तक त्या क्षणाबद्दल आहे.

प्रोग्रॅम सुरू कसा करायचा हे प्रोग्रॅमिंगच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच असतं. तो बंद कसा होतो याच्या वाट्याला क्वचितच एखादं पान येतं. वर्गात लिहिलेले प्रोग्रॅम शेवटच्या ओळीपर्यंत पोचतात आणि संपतात, त्यामुळे शेवट आपोआप होतो अशी विद्यार्थ्याची समजूत होते. नोकरीत हाती येणारा प्रोग्रॅम मात्र शेवटच्या ओळीपर्यंत कधी पोचतच नाही. त्यात एकाच वेळी शेकडो थ्रेड चालू असतात आणि त्यातला प्रत्येक कुठल्या ना कुठल्या कामाच्या मध्यावर असतो. बंद व्हायची आज्ञा दिली तरी तो बंद होत नाही. लोक काही मिनिटं वाट पाहतात आणि शेवटी त्याला ‘किल’ करतात. कधी काहीच बिघडत नाही, कधी दुसऱ्या दिवशी हिशेब जुळत नाही. दोन्ही वेळा नेमकं काय घडलं हे सांगता येत नाही, कारण शेवटाचा विचार लिहिताना कुणी केलेलाच नसतो.

या विषयाशी नव्याने ओळख होणाऱ्यांसाठी पाया आधी सांगतो. चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात, आणि एका प्रोसेसच्या आत स्वतंत्रपणे पुढे सरकणाऱ्या कामाच्या ओळींना थ्रेड. एका प्रोसेसचे सगळे थ्रेड एकच मेमरी वापरतात. समजा, एका खात्यात १०,००० रुपये आहेत आणि दोन थ्रेड त्यात प्रत्येकी ५०० रुपये जमा करायला निघाले. दोघांनी आधी शिल्लक वाचली, दोघांना १०,००० दिसले, दोघांनी १०,५०० लिहिले. पाचशे रुपये हरवले आणि कुठेही चूक नोंदली गेली नाही. हे टाळण्यासाठी लॉक असतं. खात्याला हात लावण्याआधी थ्रेडने लॉक घ्यायचं, काम झालं की सोडायचं. मधल्या वेळात ते लॉक मागणाऱ्या इतरांनी थांबायचं.

आता पुढची पायरी पाहा. एक थ्रेड अ च्या खात्यातून ब च्या खात्यात २,००० रुपये हलवतो आहे. त्याने लॉक घेतलं, अ च्या खात्यातून रक्कम वजा केली, आणि ब च्या खात्यात जमा करण्याआधीच तो थ्रेड संपवला गेला. लॉक त्याच्याच नावे राहिलं, तर ते मागणारे सगळे कायमचे अडकून पडतील. व्यवस्थेने ते आपोआप सोडवलं, तर पुढचा थ्रेड आत येईल आणि त्याला दोन हजार रुपये कमी असलेलं जग खरं वाटेल. पहिली अवस्था डोळ्यांना दिसते, कारण प्रोग्रॅम हँग होतो आणि फोन वाजू लागतात. दुसरी दिसत नाही, आणि म्हणूनच ती जास्त घातक असते.

नवी मुंबईतल्या कामोठ्याच्या कुठल्याही सोसायटीत हा पेच समजेल. खजिनदार ऑफिसला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून गावी निघून गेला, तर कुलूपवाला बोलावून दार उघडता येतं. पण वहीत पावती फाडलेली आहे आणि जमेची नोंद राहिलेली आहे, हे दार उघडल्याने दुरुस्त होत नाही. ते काम कुणाला तरी वही वाचूनच करावं लागतं. लॉक सुटणं आणि लॉकमागची माहिती सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या विषयातल्या साठ वर्षांच्या विचाराकडे मी याच एका भेदाच्या प्रकाशात पाहतो, आणि पुस्तकाची मांडणीही त्यावरच उभी आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. त्या पिढीच्या यंत्रांवर एका वेळी एकच काम चाले, त्यामुळे आपसात भांडायला दुसरं कुणी नसे. एकाच यंत्रावर अनेक कामं चालवायची ठरली तेव्हा प्रश्न उभा राहिला. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली परस्पर-वर्जनाचा प्रश्न एका छोट्या लेखात काटेकोरपणे मांडला : अनेक प्रक्रियांपैकी एका वेळी एकीनेच नाजूक भागात शिरावं, हे कसं साधायचं? त्यांनी घातलेल्या अटींमधली एक आपल्या विषयाची जन्मखूण मानावी अशी आहे. एखादी प्रक्रिया नाजूक भागाच्या बऱ्याच बाहेर असताना थांबली, तर तिच्यामुळे इतरांची वाट अडता कामा नये, अशी ती अट. नाजूक भागाच्या आत असताना थांबली तर काय, याचं आश्वासन त्या अटीत नाही. आजही लॉकची बरीच दुखणी त्या मोकळ्या जागेतूनच येतात.

डाइक्स्ट्रा यांनीच सेमाफोर ही साधी पण बळकट कल्पना दिली आणि आयंडहोव्हनच्या टीएचई या प्रणालीत ती वापरून दाखवली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७४ साली बेकरी अल्गोरिदम मांडला, तेव्हा प्रोसेसर कधीही बंद पडू शकतो हे गृहीत धरलं. मात्र बंद पडलेला प्रोसेसर ताबडतोब नाजूक भागाबाहेर जाऊन थांबतो, असंही मानलं. खऱ्या यंत्रात थ्रेड इतका शिस्तीने मरत नाही. त्याआधी १९७१ साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी डेडलॉकसाठी, म्हणजे सगळेच एकमेकांसाठी कायमचे अडकून राहण्यासाठी, लागणाऱ्या चार अटी मांडल्या होत्या : साधन एकट्याचंच असणं, हातचं न सोडता दुसरं मागणं, बळजबरीने काढून घेता न येणं, आणि मागणीची साखळी फिरून मूळ जागी येणं. यातली तिसरी अट प्रोग्रॅम बंद होताना महत्त्वाची ठरते, कारण थ्रेड मारून टाकणं म्हणजे बळजबरीने काढून घेणंच असतं. त्याने डेडलॉक सुटतो, पण त्याची किंमत माहितीला मोजावी लागते.

पुढे दोन प्रवाह स्पष्ट झाले. पहिला प्रवाह ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होअर यांच्या मॉनिटरचा. माहिती आणि तिचं लॉक एकाच वेष्टणात ठेवायचं, म्हणजे लॉक घ्यायला विसरणं अशक्य होतं. होअर यांचा मॉनिटरवरचा लेख १९७४ चा. झेरॉक्समध्ये मेसा भाषेत ही कल्पना प्रत्यक्ष वापरताना आलेले अनुभव लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० साली लिहून ठेवले. आज जावात ‘सिंक्रोनाइझ्ड’ लिहिणारा प्रत्येक जण या परंपरेचा वारस आहे.

दुसऱ्या प्रवाहाने सामायिक मेमरीच नाकारली. होअर यांनीच १९७८ साली सीएसपी ही पद्धत मांडली : प्रत्येक प्रक्रियेची मेमरी तिची स्वतःची, आणि बोलायचं ते फक्त निरोपांतून. इन्मॉस कंपनीची ट्रान्सप्युटर ही चिप याच विचारावर बेतलेली होती, आणि पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली घडवलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटरांवरच उभा होता. महाराष्ट्रात घडलेला हा महासंगणक असा निरोपांच्या वाटेने चालला.  पण लॉक नसलं म्हणून शेवटाचा पेच सुटला असं झालं नाही. जो निरोप आता कधीच येणार नाही त्याची वाट पाहत बसलेली प्रक्रियाही अडकलेलीच असते. म्हणून ट्रान्सप्युटरच्या ओकॅम भाषेत काम करणाऱ्यांनाही ‘आता आवरा’ हा निरोप साऱ्या जाळ्यातून क्रमाने कसा फिरवायचा, यावर वेगळा विचार करावा लागला. पीटर वेल्च यांनी १९८९ साली त्यावर लिहिलं. आज गो भाषेत चॅनल बंद करताना तोच प्रश्न पुन्हा भेटतो.

हा झाला लॉकचा इतिहास. बंद होण्याचा इतिहास मात्र ऑपरेटिंग सिस्टिमच्या तपशिलात दडलेला आहे, आणि तिथे युनिक्स आणि विंडोज यांनी जवळजवळ उलट्या वाटा धरल्या. युनिक्सच्या वळणाच्या प्रणालींत मुख्य फंक्शन संपलं किंवा कुणी ‘एक्झिट’ बोलावलं, की आवराआवरीची फंक्शनं त्याच थ्रेडवर चालू लागतात. सी प्लस प्लसमध्ये ग्लोबल वस्तूंचे डिस्ट्रक्टरही तेव्हाच चालतात. बाकीचे थ्रेड मात्र जिवंत असतात आणि आपापलं काम करत असतात. एखादा थ्रेड ज्या ग्लोबल लॉकवर विसंबून आहे ते लॉकच त्याच्या पायाखालून काढून घेतलं जातं. वापरात असलेलं म्युटेक्स, म्हणजे असं लॉक, नष्ट केलं तर पुढे काय होईल याबद्दल भाषेचं मानक कोणतीही हमी देत नाही.

विंडोजमध्ये क्रम उलटा आहे. ‘एक्झिट प्रोसेस’ बोलावल्यावर आधी बाकीचे सगळे थ्रेड संपवले जातात आणि मग उरलेल्या एकट्या थ्रेडवर प्रत्येक डीएलएल लायब्ररीला आवरायला सांगितलं जातं. मेलेल्या थ्रेडपैकी कुणाच्या हातात लॉक असेल, तर ते अनाथ झालेलं असतं. आवराआवर करणाऱ्या थ्रेडला नेमकं तेच लागलं तर? विंडोज एक्सपीत प्रोसेस बंद होत असताना क्रिटिकल सेक्शन हे लॉक मागणाऱ्याला सरळ आत सोडलं जाई, मग आतली माहिती अर्धवट असली तरी. व्हिस्टापासून हे धोरण बदललं आणि अशा वेळी प्रोसेस तिथल्या तिथे संपवली जाऊ लागली. मला हा बदल फार बोलका वाटतो. अर्धवट माहितीवर काम पुढे रेटण्यापेक्षा तिथेच थांबणं बरं, असा तो निर्णय आहे.

युनिक्समध्ये माणसं उरतात आणि लॉक जातं. विंडोजमध्ये लॉक उरतं आणि माणसं जातात. दोन्ही प्रणालींवर काम केलेल्या प्रोग्रॅमरलाही हा फरक अनेकदा माहीत नसतो. एकीकडे नीट चालणारा कोड दुसरीकडे फक्त बंद होताना का कोसळतो, याचा शोध मग दिवसेंदिवस चालतो.

या पार्श्वभूमीवर शेवटाबद्दलच्या विचाराच्या चार शाळा दिसतात. पहिली शाळा सहकाराची. कुणालाही मारायचं नाही. सगळ्यांना थांबण्याची सूचना द्यायची, प्रत्येकाने हातचं काम पुरं करून लॉक सोडायचं, आणि मुख्य थ्रेडने प्रत्येकाला ‘जॉइन’ करायचं, म्हणजे तो संपेपर्यंत थांबायचं. जावाचा अनुभव या शाळेचा सर्वात मोठा पुरावा आहे. जावात सुरुवातीला दुसरा थ्रेड बळाने थांबवणारी ‘स्टॉप’ ही सोय होती. तिच्यामुळे त्या थ्रेडची सगळी लॉकं सुटत आणि अर्धवट बदललेल्या वस्तू इतरांसमोर उघड्या पडत. १९९८ साली जावा १.२ मध्ये ती नापसंत ठरवली गेली आणि २०२३ मधल्या जावा २० मध्ये ती बोलावली तर फक्त अपवाद फेकला जाऊ लागला. सी प्लस प्लसने २०११ साली थ्रेड भाषेत आणला तेव्हा जॉइन न केलेला थ्रेड नष्ट होऊ लागला की सबंध प्रोग्रॅम संपवायचा, असा कडक नियम घातला. २०२० च्या मानकात ‘जेथ्रेड’ आला. तो आधी थांबण्याची विनंती करतो आणि मग वाट पाहतो.

सहकाराची वाट सभ्य आहे, पण तिच्यातही खड्डे आहेत. थांबायची सूचना ऐकायला थ्रेड जागा असावा लागतो. नेटवर्कवरून येणाऱ्या उत्तराची वाट पाहत अडकलेला थ्रेड ती ऐकतच नाही. दुसरा खड्डा अधिक ओळखीचा आहे : मुख्य थ्रेड एक लॉक हातात ठेवून दुसऱ्याची वाट पाहतो आणि त्या दुसऱ्याला संपण्यासाठी नेमकं तेच लॉक हवं असतं. जावात एखाद्या थ्रेडने लॉक धरलेलं असतानाच ‘सिस्टिम एक्झिट’ बोलावलं आणि बंद होताना चालणाऱ्या शटडाउन हुकला तेच लॉक लागलं, तर हुक त्या थ्रेडसाठी थांबतो आणि तो थ्रेड हुकसाठी. दोघेही कधीच हलत नाहीत. विंडोजच्या डीएलएलमध्ये लोडर लॉकभोवतीही अशाच गाठी बसतात.

दुसरी शाळा म्हणते की थोडे थ्रेड मागे राहिले तरी चालतील, प्रोग्रॅमने त्यांच्यासाठी थांबू नये. जावा आणि पायथनमधले डेमन थ्रेड या शाळेचे. पार्श्वभूमीवरच्या किरकोळ कामासाठी ते सोयीचे असतात, पण त्यांच्या हातातही लॉक असू शकतं. पायथन ३ मध्ये याचं नमुनेदार उदाहरण आहे. इंटरप्रिटर बंद होताना पडद्यावर जाणारा साठलेला मजकूर बाहेर टाकायचा असतो. त्या साठ्याचं लॉक एखाद्या डेमन थ्रेडच्या हातात असताना तो थ्रेड गोठला असेल, तर इंटरप्रिटर थोडा वेळ वाट पाहतो आणि मग जीवघेणी चूक दाखवून कोसळतो. हे बहुधा डेमन थ्रेडमुळे झालं असावं, असंही तो त्या संदेशात सांगतो. एका साध्या ‘प्रिंट’मागेही लॉक आहे हे अनेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

तिसरी शाळा मृत्यू मान्य करते आणि वारसाला खरं सांगते. प्रोसेस संपली की तिच्या स्वतःच्या मेमरीतली लॉकं मेमरीबरोबरच जातात. ती उघडत बसण्याची गरज नसते. पण अनेक प्रोसेसमध्ये सामायिक असलेलं लॉक मागे उरतं. विंडोजमध्ये अशा म्युटेक्सचा मालक मेला, तर पुढच्याला लॉक मिळतं आणि सोबत ‘हे सोडून दिलेलं होतं’ असा इशाराही मिळतो. लिनक्समध्ये ‘रोबस्ट’ म्युटेक्स हेच करतं. २००८ च्या पॉसिक्स मानकात त्याला जागा मिळाली. नव्या धारकाला आधीचा मालक मेल्याची खूण दिली जाते. त्याने माहिती तपासून, सावरून, ती आता सुसंगत आहे असं स्पष्टपणे जाहीर करायचं असतं. तसं न करता त्याने लॉक सोडलं, तर ते कायमचं निकामी होतं. रस्ट भाषेने हीच कल्पना थ्रेडच्या पातळीवर आणली. लॉक हातात असताना थ्रेड घाबरून कोसळला, की ते म्युटेक्स विषारी ठरतं आणि पुढच्याला ते उघडताना सावध केलं जातं. या शाळेचा प्रामाणिकपणा मला भावतो, कारण तिने लॉक आणि माहिती यांची गल्लत होऊ दिली नाही.

चौथी शाळा डेटाबेसवाल्यांची. त्यांनी गृहीत धरलं की वीज कधीही जाईल. म्हणून प्रत्येक बदल करण्याआधी तो नोंदवहीत लिहायचा, आणि पुन्हा सुरू होताना ती नोंदवही वाचून अर्धवट व्यवहार मागे फिरवायचे. सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली एरीज ही पद्धत या विचाराचा पाया मानली जाते. इथे लॉक मेमरीत असतं आणि कोसळताना नाहीसं होतं. ते गेल्याचं दुःख नसतं, कारण सावरण्याची जबाबदारी त्याच्यावर कधी टाकलेलीच नव्हती. ऑरॅकलमध्ये बंद करण्याच्या चार तऱ्हा आहेत, पोस्टग्रेसमध्ये तीन. सगळ्यांची वाट पाहण्यापासून ताबडतोब तोडण्यापर्यंत. सर्वात कठोर तऱ्हा वापरूनही माहिती शाबूत राहते, हे त्या नोंदवहीचं यश. कँडिया आणि फॉक्स यांनी २००३ साली हा विचार टोकाला नेला : प्रोग्रॅमला सभ्यपणे बंद करण्याची वेगळी वाटच ठेवू नये. कोसळणं हाच बंद होण्याचा एकमेव मार्ग असला, तर सावरण्याचा कोड रोज तपासला जाईल.

आज या विषयाकडे वळण्याचं कारण आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. बँका संध्याकाळी बंद होत, तेव्हा दिवसअखेरीचं काम आटोपून प्रोग्रॅम थांबवायला मोकळा वेळ मिळे, कारण आत कुणी ग्राहक नसे. यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत झाली. रिझर्व्ह बँकेने एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू ठेवली. पैशांच्या व्यवहारांना आता रात्र उरलेली नाही. प्रोग्रॅम मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळा बंद होतात. नवी आवृत्ती आणताना जुनी प्रत थांबवून शेजारी नवी उभी केली जाते. गर्दी कमी झाली की काही प्रती काढून टाकल्या जातात. कुबरनेटीसमध्ये ‘सिगटर्म’ हा इशारा मिळाल्यावर प्रोग्रॅमला आवरायला साधारणपणे तीस सेकंद मिळतात, आणि त्यानंतर ‘सिगकिल’ येतो, जो कुणालाही अडवता येत नाही. ग्राहक आत असताना, भर कामात, तीस सेकंदांत आवरणं ही आता रोजची गोष्ट झाली आहे.

त्यातच सिगटर्म हाताळताना होणारी एक चूक नव्या प्रोग्रॅमरांमध्ये सर्रास दिसते. इशारा आला की त्याच क्षणी चालू असलेला थ्रेड अर्ध्यात थांबवून इशाऱ्याचा कोड चालवला जातो. त्या कोडने लॉग लिहायला लॉक मागितलं आणि ते आधीच त्याच थ्रेडच्या हातात असलं, तर तो थ्रेड स्वतःचीच वाट पाहत बसतो. इशारा मिळाला एवढीच खूण नोंदवून बाहेर पडावं आणि आवराआवर नेहमीच्या थ्रेडवर करावी, हे पथ्य माहीत असेल तर अनेक रात्री वाचतात.

आणि कधी तीस सेकंदही मिळत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगराची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. डेटा सेंटरांना जनरेटर असतात. दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला, दवाखान्यातल्या नोंदणीच्या मशीनला ते नसतात. तिथल्या प्रोग्रॅमची कसोटी अशाच सकाळी लागते, आणि तिथला प्रोग्रॅमर बहुधा एकटाच असतो.

कामोठे हे सिडकोने वसवलेलं, मानसरोवर आणि खांदेश्वर या दोन स्टेशनांच्या आधाराने वाढलेलं उपनगर. इथून रोज सकाळी कितीतरी तरुण हार्बर आणि ट्रान्स-हार्बरच्या लोकलने बेलापूर, महापे, घणसोली, ऐरोलीकडे कामाला जातात. बँका, विमा, रेल्वे, दूरसंचार यांचे प्रोग्रॅम चालू ठेवण्याचं काम त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती असतं, आणि मध्यरात्री सर्व्हर बंद होत नाही म्हणून फोन येतो तोही त्यांनाच. त्यातल्या बऱ्याच जणांचं शालेय शिक्षण मराठीत झालं आहे. इंग्रजी दस्तऐवज ते वाचतात, पण एखाद्या कल्पनेच्या मुळाशी जाऊन तिच्यावर मनात वाद घालायचा तर तो आपल्या भाषेत जास्त मोकळेपणाने घालता येतो. हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं कारण तेवढंच आहे. थ्रेड, लॉक, डेडलॉक हे शब्द ते ऑफिसात वापरतात, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत.

प्रोग्रॅमिंग शिकवणं हा या पुस्तकाचा हेतू नाही. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन किंवा रस्ट यांपैकी एखादी भाषा वाचकाला येते असं धरलं आहे. लॉकच्या वेगाबद्दल इथे फारसं नाही, कारण त्यावर चांगली पुस्तकं उपलब्ध आहेत. अनेक यंत्रांमध्ये वाटलेल्या लॉकचा विषयही ओझरता आला आहे, कारण तिथे मेलेला आणि नुसता उशीर करणारा यांतला फरकच ओळखता येत नाही, आणि त्याला स्वतंत्र ग्रंथ हवा. या पुस्तकाने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा एका यंत्राची आहे. त्या मर्यादेत थ्रेड, प्रोसेस, लायब्ररी आणि ऑपरेटिंग सिस्टिम शेवटच्या काही सेकंदांत एकमेकांशी कसे वागतात, हे सलगपणे दाखवण्याचा प्रयत्न आहे.

पद्धतीबद्दल एक आग्रह आहे. इथला प्रत्येक प्रोग्रॅम चालवून पाहण्यासाठी आहे आणि मध्येच मारून पाहण्यासाठी आहे. नुसता वाचून हा विषय कळत नाही. तोच प्रोग्रॅम आधी सिगटर्मने, मग सिगकिलने, आणि शक्य असेल तिथे मशीनची वीज काढून थांबवा, आणि प्रत्येक वेळी मागे काय उरलं ते तपासा. मागच्या धावेत उरलेली लॉक फाइल नव्या धावेला अडवते का, बेरीज जुळते का, शेवटची ओळ लॉगमध्ये पोचली का, हे स्वतः पाहिलेलं कायम लक्षात राहतं. ज्या संघात बंद होण्याची चाचणी सुरू होण्याच्या चाचणीइतक्याच नेमाने घेतली जाते, तिथे रात्रीचे फोन कमी येतात.

चारही शाळांना त्यांची त्यांची जागा आहे, आणि मोठ्या प्रोग्रॅममध्ये त्या एकत्रच नांदतात. माझा कल लपवत नाही : जिथे माहितीला मोल आहे तिथे लॉकवर सावरण्याचं ओझं टाकू नये, नोंदवही ठेवावी; आणि जिथे नोंदवही शक्य नाही तिथे अर्धवट माहितीवर पुढे जाण्यापेक्षा थांबावं. वाचकाने हे मत आंधळेपणाने स्वीकारावं असं मला वाटत नाही. आपल्या रोजच्या कोडवर ते घासून पाहावं, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी पान उलटण्याआधी आपल्या प्रोग्रॅममधली लॉकं एका कागदावर लिहून काढा. प्रत्येकासमोर ते कोणती माहिती राखतं, ती माहिती केव्हा पुरी मानायची, आणि लॉक हातात असलेला थ्रेड मध्येच गेला तर ती कोण सावरणार, हे लिहा. पहिले दोन रकाने बहुतेकांना भरता येतील. तिसरा रकाना ज्या लॉकसमोर कोरा राहील, ते लॉक मनात धरून पुढचं पान वाचायला घ्या.

कामोठे, नवी मुंबई